आक्छी! नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या गमतीजमती

माणूस दिवसाकाठी साधारण वीस हजार वेळा श्वास घेतो आणि त्यातल्या एकाचीही दखल घेत नाही. एक नाकपुडी चोंदली की मात्र घर डोक्यावर घेतो. ऑफिसला दांडी, कपाळाला बाम आणि सोसायटीतल्या प्रत्येकाकडून एकेक फुकटचा सल्ला!

सर्दी, पडसं, टॉन्सिल, खोकला, फ्लू, न्यूमोनिया, क्षय ही सगळी मंडळी एकाच वाटेवर भेटतात. वाट नाकातून सुरू होते, घशातून वळते, श्वासनलिकेतून उतरते आणि फुप्फुसात संपते. या वाटेचा एक नियम आहे. वरच्या मजल्यावरचं दुखणं बहुधा आपलं आपण बरं होतं, खालच्या मजल्यावरचं वेळेत ओळखावं लागतं. तेव्हा वरूनच सुरुवात करू.

मजला पहिला: नाक

नाकपुड्यांची पाळी. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या जोमानं काम करत नाहीत. एक जोरात चालते तेव्हा दुसरी विसावा घेते आणि काही तासांनी पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायसर यांनी १८९५ साली हे शास्त्रीय भाषेत नोंदवलं. आपल्याकडे योगी मंडळी चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून फार पूर्वीपासून यावर नजर ठेवून होती. सर्दीत रात्री कूस बदलली की चोंदलेली बाजूही बहुधा बदलते.

रोजचा लिटरभर शेंबूड. नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण एक लिटर चिकट स्राव तयार करतात. सर्दी नसतानाही! तो जातो कुठे? सरळ पोटात. आपण तो दिवसभर नकळत गिळत असतो. हवेतली धूळ आणि जंतू त्यात अडकतात आणि पोटातल्या आम्लात त्यांचा निकाल लागतो.

हिरवा रंग, कोरी भीती. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक घ्यायलाच हवं, हा समज घरोघरी आहे. हा रंग जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या द्रव्यात लोह असतं आणि ते हिरवं दिसतं. पेशी कामाला लागल्याची ती खूण आहे, एवढंच.

उन्हात आलं की शिंक. थिएटरच्या अंधारातून भर उन्हात बाहेर पडताच काहींना धडाधड शिंका येतात. हा आजार नाही. साधारण चारातल्या एका माणसाला हे होतं आणि ते आनुवंशिक असतं. वडील शिंकत असतील तर मुलानंही रुमाल तयार ठेवावा.

शिंक कधी दाबू नये. इंग्लंडमधल्या लेस्टरला एका धडधाकट तरुणानं नाक चिमटीत धरून आणि तोंड घट्ट मिटून शिंक रोखली. आतल्या दाबानं त्याचा घसाच फाटला. गिळता येईना, बोलता येईना. आठवडाभर रुग्णालयात नळीनं अन्न द्यावं लागलं. २०१८ साली ही केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बैठकीत शिंक आली तर खुशाल शिंकावं, फक्त कोपराच्या खोबणीत.

शिंक किती लांब जाते? शिंकेचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे असतो, असं बरीच वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. नव्या मोजणीत तो त्याच्या पासंगालाही पुरला नाही. पण पल्ल्यानं कसर भरून काढली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिडिया बुरुइबा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं शिंका टिपल्या, तेव्हा तुषारांचा ढग सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतो असं दिसलं. एसटीत पुढच्या बाकावर कोणी शिंकलं तर मागच्या बाकानं निर्धास्त राहू नये.

शिंकांचा विक्रम. इंग्लंडमधली एक बारा वर्षांची मुलगी जानेवारी १९८१ मध्ये शिंकायला लागली आणि तिला बिनशिंकेचा पहिला दिवस दिसला तो सप्टेंबर १९८३ मध्ये. गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

सर्दीचा दरबार

दोनशेहून अधिक मानकरी. सर्दी हा एक आजार नाही. दोनशेहून जास्त विषाणू ती आणू शकतात. त्यात सगळ्यांत मोठं घराणं ऱ्हायनोव्हायरसचं. त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी ओळख झाली की दुसरा दारात हजर. सर्दीवर लस का नाही, याचं उत्तर यातच आहे. हा विषाणू ३३-३४ अंशांना सर्वाधिक खुलतो. शरीराचं तापमान ३७, नाकाच्या आतलं मात्र तेवढंच थंड. म्हणून त्याचा मुक्काम नाकात.

वर्षाला आठ सर्द्या? चालायचंच! मोठ्यांना वर्षाला दोन-तीन सर्द्या होतात, लहान मुलांना सहा-आठ. बालवाडीत नाव घातलं की "हा सारखा आजारीच असतो" अशी तक्रार सुरू होते. पोराच्या प्रतिकारशक्तीत काही खोट नसते, ती जगाशी ओळख करून घेत असते.

फुकट सहल, सोबत सर्दी. इंग्लंडमधल्या सॅलिसबरीजवळ १९४६ ते १९९० अशी तब्बल ४४ वर्षं 'कॉमन कोल्ड युनिट' नावाचं केंद्र चाललं. जाहिरात अशी की दहा दिवस फुकट राहा, फुकट जेवा, वर हातखर्चाला पैसे घ्या. अट एकच, नाकात थेंब टाकून घ्यायचे. थेंबात सर्दीचे विषाणू असायचे किंवा नुसतं पाणी. कोणाला काय मिळालं ते गुपित. हजारो लोक हौसेनं गेले, काही जोडप्यांनी तर मधुचंद्रच तिथे साजरा केला.

ओल्या मोज्यांचा प्रयोग. "केस ओले ठेवून झोपू नकोस, सर्दी होईल" या आईच्या वाक्याची याच केंद्रात परीक्षा झाली. काही स्वयंसेवकांना गरम पाण्यानं आंघोळ घालून, अंग न पुसता, वारा वाहणाऱ्या बोळात उभं केलं. नंतर ओले मोजे घालून बसवलं. निकाल असा की विषाणू नसेल तर कुडकुडणं होतं, सर्दी होत नाही. आईची बाजू अगदीच लंगडी मात्र नाही. नाक गार पडलं की तिथला बचाव थोडा ढिला पडतो, असं उंदरांवरच्या पुढच्या संशोधनात दिसलं. सामना बरोबरीत.

कोरोनाची पहिली भेट. याच सॅलिसबरीत १९६५ साली डेव्हिड टायरेल यांच्या हाती एका सर्दीत निराळाच विषाणू लागला. लंडनमध्ये जून आल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं चित्र टिपलं. विषाणूभोवती काट्यांचं कडं दिसलं आणि १९६८ साली या कुळाचं 'कोरोनाव्हायरस' असं बारसं झालं. जून ही ग्लासगोच्या बसचालकाची मुलगी. शाळा सोळाव्या वर्षी सुटली होती, पण तिची नजर अख्ख्या जगाच्या कामी आली.

अंतराळात नाक गळत नाही! ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो-७ यानात कॅप्टन वॉली शिरा यांना पहिल्याच दिवशी सर्दी झाली. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण असतं म्हणून नाक गळतं. तिथे ते जाणवत नाही, त्यामुळे सगळं जिथल्या तिथे तुंबून बसलं. शिंकरून शिंकरून कानठळ्या बसायची वेळ आली. चिडचिड इतकी वाढली की जमिनीवरच्या अधिकाऱ्यांशी खटके उडाले. परतताना हेल्मेट घालायची सक्त सूचना होती. हेल्मेट घातलं की नाक शिंकरता येत नाही आणि दाब बदलताना कानाचे पडदे फाटायची भीती. तिघांनीही हेल्मेट घातलं नाही. त्या तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही. शिरा यांनी पुढे सर्दीच्या त्याच गोळीच्या जाहिरातीत काम केलं, जी त्यांनी यानात घेतली होती.

मजला दुसरा: घसा

टॉन्सिलचा घोटाळा. न्यूयॉर्कच्या शाळांतली एक हजार मुलं १९३४ साली तपासली गेली. ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ४५ टक्क्यांना "काढा" सांगितलं. ज्यांना "गरज नाही" म्हटलं होतं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी ४६ टक्क्यांना "काढा" सांगितलं. उरली ती तिसऱ्यांकडे, तिथे पुन्हा ४४ टक्के! चौथ्या फेरीपर्यंत शाबूत टॉन्सिल जवळपास उरलेच नसते. आज शस्त्रक्रियेचे निकष पुष्कळ कडक आहेत, पण दुसरं मत घेण्याची सवय चांगलीच.

घटसर्प आणि दीडशे कुत्री. घटसर्पात घशात राखाडी पडदा धरतो आणि मूल गुदमरतं. जानेवारी १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात साथ आली. बंदर गोठलेलं, विमानांचा भरवसा नाही. मग वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी बर्फावरून १,०८५ किलोमीटरचा टप्पा साडेपाच दिवसांत पार करून प्रतिविषाच्या कुप्या पोहोचवल्या. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टोचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा उभा राहिला. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत धोक्याचा टप्पा मात्र टोगो नावाच्या कुत्र्यानं ओढला होता. कष्ट एकाचे, सत्कार दुसऱ्याचा, हे माणसांतच होतं असं नाही.

पहिलं नोबेल घशाचं. वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल, १९०१ सालचं, एमिल फॉन बेहरिंग यांना मिळालं ते घटसर्पावरच्या याच प्रतिविष उपचारासाठी. हे औषध घोड्याच्या रक्तातून काढलं जाई. आपल्या पिढीला घटसर्प फारसा माहीत नाही, त्याचं श्रेय लहानपणी टोचलेल्या त्रिगुणी लशीला.

मजला तिसरा: खोकला

कान कोरला की खोकला. काही जणांना कानात बोळा फिरवताच ठसका लागतो. घशाशी आणि फुप्फुसांशी बोलणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक छोटी फांदी कानातही येते. मेंदूचा पत्त्यात घोळ होतो, एवढाच काय तो प्रकार.

डांग्या खोकला आणि कंदिलाचा उजेड. १९३० च्या दशकातली मंदी. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स गावात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन संशोधक दिवसभराची प्रयोगशाळेतली नोकरी उरकून संध्याकाळी गरीब वस्त्यांत जात. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, उबळ आलेल्या पोरासमोर एक पसरट बशी धरत आणि "खोक बाळा" म्हणत. बशीत पोषक द्रव्याचा थर असे, त्यावर जंतू वाढत. या बशांतून डांग्या खोकल्यावरची परिणामकारक लस तयार झाली. त्रिगुणी लशीतला एक गुण तो हाच.

खोकल्यावर चक्क हेरॉइन. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीनं खोकल्यावर नवं औषध बाजारात आणलं. नाव हेरॉइन! मॉर्फिनपेक्षा निर्धोक म्हणून ते खपवलं गेलं. खोकला थांबायचा, पण पुढे जे सुरू व्हायचं ते थांबेना.

एक गंभीर थांबा. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची पातळ औषधं देऊच नयेत, असं केंद्र सरकारनं त्यानंतर बजावलं. बाळाचा साधा खोकला औषधाविना बरा होतो. शेजारच्यांच्या फडताळातली बाटली बाळासाठी नाही.

फ्लूचा धिंगाणा

मुंगसाचा तोतया शिंकला! १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी माणसातला फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला, तो फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या मदतीनं. पुढे प्रयोगशाळेतला एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्या गृहस्थांना फ्लू झाला. त्यांनी रजा टाकली की नाही ते सोडा, १९३६ साली 'लॅन्सेट'मध्ये शोधनिबंध मात्र आला.

मुंबईचा ताप. १९१८ च्या मेअखेर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं जहाज मुंबई बंदराला लागलं. १० जूनला सात पोलीस शिपाई तापानं रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीत नेमणुकीला होता. बघता बघता फ्लू पसरला आणि गिरण्या, बँका, टपाल कचेऱ्या ओस पडल्या. पुढची लाट भयंकर होती. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या चक्क घटली. जनगणनेच्या इतिहासात असं पुन्हा झालं नाही.

पुणेरी रुमाल. २०२० च्या आधीही मास्क घरोघरी पोहोचला होता, पुण्यात, २००९ च्या ऑगस्टमध्ये. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. शाळा आणि मल्टिप्लेक्स बंद, औषधाच्या दुकानांपुढे रांगा आणि स्कूटरवर तोंडाला रुमाल. स्कार्फ तर पुण्यातल्या मुलींकडे आधीपासूनच होता. देशातली विषाणूंची सगळ्यांत नावाजलेली प्रयोगशाळाही तिथलीच. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. २०१० साली पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटनं स्वाइन फ्लूवर नाकात फवारायची लस आणली. सुई नको म्हणणाऱ्यांची सोय झाली.

लशीत अंड्याचा वाटा. फ्लूची बरीचशी लस आजही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून तयार होते. विषाणू रंगरूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ मंडळी वर्षातून दोनदा बसून येत्या हंगामाचा अंदाज बांधते. गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही, ती यामुळे.

मास्कवर हसणारे डॉक्टर. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह यांनी कापूस आणि जाळीच्या कापडाचा जाड मास्क करून सगळ्यांना सक्तीनं बांधायला लावला. एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी त्यांना उडवून लावलं आणि मास्कशिवाय रुग्ण तपासले. काही दिवसांत ते त्याच प्लेगनं वारले. मग मास्क मागायला रांग लागली.

मजला तळाचा: फुप्फुस

साडेसातशे चौरस फूट. फुप्फुसात कित्येक कोटी सूक्ष्म वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे मुंबईतला ऐसपैस टू-बीएचके, तोही कार्पेट एरियाच्या हिशेबानं! कर्ज न काढता प्रत्येकाच्या छातीत.

शेंगदाणा उजवीकडेच जातो. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि जास्त सरळ खाली उतरते. म्हणून पोरानं हसताना गिळलेला शेंगदाणा किंवा मणी अडकतो तो बहुधा उजव्या बाजूला. एकाएकी सुरू झालेला आणि एकाच बाजूला शिटीचा आवाज करणारा खोकला डॉक्टरांना "काय खात होता?" असं विचारायला लावतो.

सफाई कामगार. श्वासनलिकेच्या आत सूक्ष्म केस असतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते धूळ, जंतू आणि कफ वर घशाकडे ढकलतात. सिगारेटच्या धुरानं ते लुळे पडतात. ओढणाऱ्यांचा सकाळचा ठरलेला खोकला म्हणजे तुंबलेला कफ काढायची त्या नळीची शेवटची धडपड.

पिंपं वाजवणाऱ्याचा मुलगा. छातीवर बोटानं टकटक करून डॉक्टर काय ऐकतात? ही पद्धत काढणारा लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. दारूची पिंपं किती भरलीत हे वडील ठोकून ओळखत. मुलगा डॉक्टर झाल्यावर त्यानं तीच युक्ती रुग्णांच्या छातीवर लावली. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी साचलं असेल तिथे भद्द. १७६१ साली त्यानं पुस्तिका लिहिली, पण चाळीसेक वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही.

कागदाची गुंडाळी. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक यांना एका तरुणीची छाती तपासायची होती. छातीला कान लावायचा संकोच वाटला. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक छातीवर, दुसरं कानाला. आवाज आधीपेक्षा स्पष्ट! स्टेथोस्कोप जन्मला तो असा, भिडस्तपणातून. दहा वर्षांनी लाएनेक स्वतः क्षयानं गेले. त्यांच्या छातीतला क्षय त्यांच्या पुतण्यानं ओळखला, त्याच यंत्रानं.

गडचिरोलीचे मणी. मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे एक्स-रेशिवाय कसं ओळखायचं? श्वास मोजून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास होत असतील तर धोका. पण गावच्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नसेल तर? डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत यावर साधं लाकडी साधन काढलं. मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. घटिका उलटायची, बाळाचं पोट वर-खाली होताना बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात गेला की न्यूमोनिया, लगेच औषध सुरू. गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून उपचार झाले आणि बालमृत्यू घटले. त्याचा निबंध १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वीज नको, बॅटरी नको, पदवी नको.

पिंपरीची पेनिसिलिन. न्यूमोनियावरचं त्या काळचं हुकमी औषध पेनिसिलिन. ते देशातच बनावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आजूबाजूला मोटारींचे कारखाने दाटले, पण पिंपरीच्या उद्योगनगरीची सुरुवातीची ओळख औषधाची.

एसीतून आलेला आजार. जुलै १९७६. फिलाडेल्फियातल्या आलिशान हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं. घरी परतलेली मंडळी पटापट न्यूमोनियानं आजारी पडली, तिसाहून अधिक दगावली. विष, हेरगिरी, नाना तर्क झाले. पुढच्या जानेवारीत खरा गुन्हेगार सापडला, वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यात वाढणारा एक नवा जिवाणू. एसीचं पाणी आणि टाक्या वेळच्या वेळी साफ ठेवायच्या, हा धडा तिथला.

कबुतरांचं देणं. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेनं ताडपत्री टाकली, आंदोलनं झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं. छातीचे डॉक्टर मात्र फार आधीपासून सांगत होते की कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते आणि ती घट्ट होत जातात. पुण्य करायचंच तर खिडकीपासून लांब करावं.

क्षयाची बखर

चंद्रालाही झाला होता! दक्षाच्या सत्तावीस मुलींशी चंद्रानं लग्न केलं, पण जीव एकट्या रोहिणीत. बाकीच्यांनी वडिलांकडे गाऱ्हाणं नेलं आणि दक्षानं जावयाला शाप दिला, झिजत जा. तो रोग म्हणजे राजयक्ष्मा. चंद्र महिन्यातून एकदा झिजतो आणि पुन्हा भरतो, त्याची ही आपल्याकडची कथा. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही ती येते.

सुस्त पण चिवट. अनेक जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. तो हळू वाढतो, हळू मरतो. म्हणून औषधं सहा महिने. महिन्याभरात बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू औषधाला जुमानेनासे होतात. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू जगासमोर ठेवला तो २४ मार्च १८८२ रोजी. तोच आजचा जागतिक क्षयरोग दिन.

दंडावरची खूण. डाव्या दंडावर तो गोल व्रण आहे ना? ती बीसीजी. फ्रान्सचे कालमेट आणि गेरँ यांनी गाईचा क्षयजंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला. दर तीन आठवड्यांनी नवा काप. १९०८ ते १९२१, तेरा वर्षं, २३० वेळा. मध्ये अख्खं महायुद्ध झालं तरी खंड नाही. शेवटी जंतूचा विषारीपणा गेला आणि लस उरली.

गेलेले आणि परतलेले. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तेव्हा औषधच नव्हतं. साठेक वर्षांनी गायक कुमार गंधर्वांना क्षय झाला, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं, देवासला पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. १९५३ च्या सुमारास परतले ते नवीनच गायकी घेऊन. दम लहान, म्हणून ताना छोट्या आणि धारदार, मध्ये नेमकी शांतता. आनंदीबाई आणि कुमार यांच्या नशिबातला फरक एका इंजेक्शनचा होता.

आजीचा बटवा: पास की नापास?

बाम: निम्मा पास. मेंथॉलनं चोंदलेलं नाक उघडत नाही. नाकातल्या गारव्याच्या तंतूंना चेतवून ते उघडल्याचा भास होतो. हवा तेवढीच, समाधान जास्त.

तांबडा रस्सा: पास. मिरचीतल्या तिखट द्रव्यानं नाक खरोखर वाहतं. कोल्हापुरात जेवताना हातात रुमाल लागतो तो उगीच नाही. सर्दी मात्र त्यानं बरी होत नाही.

मध: पास. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर चमचाभर मधाचा उपयोग होतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो.

व्हिटॅमिन सी: काठावर. दोन नोबेल मिळवणाऱ्या लायनस पॉलिंग यांनी १९७० साली त्याच्या गुणगानाचं पुस्तक लिहिलं आणि गोळ्यांचा खप वाढला. पुढच्या चाचण्यांत सर्वसामान्यांच्या सर्द्यांची संख्या काही घटली नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यांची मात्र निम्म्यावर आली. तुम्ही धावता का?

वाफ: जपून. बरं वाटतं, पण उकळत्या पातेल्यानं पोळलेली मुलं दर हिवाळ्यात दवाखान्यात येतात. मुलांना पातेल्यापुढे बसवू नये.

अँटिबायोटिक: साफ नापास. सर्दी विषाणूची, औषध जिवाणूंचं. "डॉक्टर, जरा स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणायचा मोह आवरावा.

आता कामाचं. साध्या सर्दीला आठवडाभर वेळ द्या, पाणी प्या, झोप काढा. लहान मूल धापा टाकतंय असं वाटलं तर त्याचा सदरा वर करा, घड्याळ लावा आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. वर गडचिरोलीच्या गोष्टीत दिलेल्या आकड्यांइतके किंवा जास्त भरले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, विशेषतः साठीच्या पुढच्यांनी आणि दमेकऱ्यांनी. आणि घरात कोणाचाही खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर लाजू नका, लपवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते आणि क्षय निघालाच तर औषधंही मोफत मिळतात. ती पूर्ण घ्या.